राहिलेला डोळा

तव्यावरचे कॉफीचे दाणे निम्मे भाजून झाले होते. हिरव्याचे पिवळे झाले होते, पिवळ्याचे तांबूस व्हायला लागले होते. अस्नाकेच एका हातानं तवा हलवत होती आणि सकाळची राहिलेली प्रार्थना ओठांतल्या ओठांत पुरी करत होती. मोठ्या उपासाचा एकविसावा दिवस होता. तेवढ्यात शेजारची येशीमबेत चपला न काढताच आत आली.

“एतिये, नवरा आहे का घरात?” थोरल्या बहिणीला मारावी तशी तिनं हाक मारली.

“रंग आणायला बाजारात गेलाय. बस की. पहिला पेला तुझाच.”

“बसायला नाही आले मी.” येशीमबेतनं शालीखालून एक चौकट काढली आणि चुलीपाशी भिंतीला टेकवून ठेवली. “हे बघ आणि खरं सांग. मरियमची आण आहे तुला.”

चित्र येशीमबेतचंच होतं. केसांच्या बारीक वेण्या, कपाळावरचा गोंदलेला क्रूस, गालावरचा तीळ, सगळं जिथल्या तिथं. आणि एक डोळा, मोठा, पाणीदार, अस्नाकेचचा नवरा अद्मासूच काढू जाणे असा. पण नाकाच्या रेषेशी चेहरा संपला होता. पुढं कोरं कापड. कुणी सुरी फिरवून कापून न्यावा तसा अर्धा चेहराच नव्हता.

अस्नाकेचचा तव्यावरचा हात थांबला.

गोंदरमध्ये जन्मलेल्या माणसाला याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. देवळाच्या भिंतीवर संतांना, देवदूतांना, मरियममातेला समोरून काढतात, दोन्ही डोळ्यांसकट. एकच डोळा कुणाला असतो? सैतानाला, त्याच्या चाकरांना आणि शेवटच्या पंगतीत बसलेल्या, प्रभूला पकडून देणाऱ्या यहूदाला. अक्षर न येणारी म्हातारीसुद्धा भिंतीकडे बघून चांगला कोण आणि वाईट कोण हे सांगते.

“त्याला कसं कळलं ते सांग,” येशीमबेत म्हणाली. “विकायच्या लोण्यात केळं कालवते मी. सणाच्या आधी, दरवर्षी. मला आणि देवालाच ठाऊक आहे ते.”

“केळं?”

“पिकलेलं. मऊ. कळत नाही गं कुणाला.”

“गेल्या सणाला मी तुझ्याकडूनच घेतलं होतं लोणी.”

“म्हणून तर तुला सांगतेय ना!” आणि ती तिथंच बसून रडायला लागली.

तव्यावरचे दाणे करपले. धूर छपरापर्यंत गेला, तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.

येशीमबेत घाबरली ती एका डोळ्याला. अस्नाकेच घाबरली ती अद्मासूला, कारण एक डोळा पुन्हा कधी काढायचा नाही असं त्याचं व्रत होतं. पस्तीस वर्षांचं.

अद्मासूचा बाप देवळं रंगवायचा. पोरगा एकोणीस वर्षांचा असताना ताना तळ्याकाठच्या एका देवळात काम निघालं. शिकाऊ पोराच्या वाट्याला नेहमीच सैतान आणि पापी येतात, कारण त्यांत हात चुकला तरी चालतो. पंगतीतला यहूदा अद्मासूकडे आला. त्याला चेहरा सुचेना. चित्रासाठी भिंतीला डकवायचं कापड विणून आणणारा गेबेयेहू नावाचा कोष्टी बाहेर झाडाखाली बसून असे. नाक धारदार, बाजूनं बघावं तर कोरल्यासारखं. अद्मासूनं तेच नाक उचललं. मनात काहीच नव्हतं. नाक आवडलं, एवढंच.

मरियममातेच्या सणाला गाव देवळात लोटलं आणि कुणीतरी म्हणालं, “अरे, हा तर आपला गेबेयेहू!” आधी सगळे हसले. गेबेयेहूही हसला. मग हळूहळू त्याच्या ताटात हात घालायला कुणी येईना. एका ताटातून जेवणाऱ्या लोकांत एकट्यानं जेवायचं म्हणजे काय, ते ज्यानं भोगलं त्यालाच माहीत. तो रस्त्यानं निघाला की पोरं एक डोळा मिटून त्याच्याकडे बघायची. बायको त्याच वर्षी वारली, तर कारणही लोकांनी त्या भिंतीतच शोधलं. शेवटी लहान मुलीला पाठीशी बांधून तो मेतेम्माकडे, सीमेवर, निघून गेला.

अद्मासूनं देवळाचं काम सोडलं. बापानं बोलणं टाकलं तरी परतला नाही. तेव्हापासून तो माणसं रंगवायचा. हमाल, तेफचं धान्य विकणाऱ्या बाया, डोंगरावरून लाकडाच्या मोळ्या आणणाऱ्या म्हाताऱ्या. सगळ्यांना समोर बसवायचा आणि संतांचे डोळे द्यायचा, मोठे, पूर्ण, दोन. अदिस अबाबाच्या एका चित्रदालनातून एक साहेब आले होते, याचा अर्थ काय म्हणून विचारत होते. अद्मासू म्हणाला, “लोक एकमेकांकडे कडेनं बघतात. मी समोर बसवतो.” साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं आणि पाच चित्रं नेली.

अशा माणसाच्या हातून येशीमबेतला एक डोळा आला होता.

तो बाजारातून परतल्यावर अस्नाकेचनं विचारलं, “येशीमबेतचं चित्र पुरं झालं का रे?”

“झालं की. छान झालं. का, आवडलं नाही?”

त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तिनं पुढं विचारलं नाही. विचारायला घाबरली, असंच म्हणायला हवं.

आठवड्यानं मधाच्या दारूचा गुत्ता चालवणारे गाशे दामते आपलं चित्र घेऊन गेले. एक डोळा. ते घरी न जाता थेट सख्ख्या भावाच्या दारात गेले. अकरा वर्षांत दोघं बोलले नव्हते. भावानं दार उघडलं तेव्हा गाशे म्हणाले, “बापाची बंदूक मीच लपवली होती. घे.” मग लाकूडवालीला एक डोळा, मग शिंप्याला. गल्लीत बातमी पसरली की अद्मासूच्या कुंचल्याला पाप दिसतं. तो चालायला लागला की लोक शाल अर्ध्या तोंडावर ओढून घ्यायचे. काही वाघाच्या काळजाचे मुद्दाम चित्र काढून घ्यायला यायचे, आपलं काय निघतंय बघायला. अब्बा तेकले, त्यांचे घरचे पुरोहित, अस्नाकेचला देवळाच्या पायरीवर म्हणाले, “तीस वर्षांत पापं सांगायला एवढी गर्दी पाहिली नाही मी. तुझ्या नवऱ्याचे आभार मानू का त्याला हाकलून देऊ, काही समजत नाही.”

आणि घरात अद्मासू बदलत चालला होता. ताटावर इंजेऱ्याचं मोठं धिरडं पसरून ती मध्ये शिरोचं पिठलं वाढायची. तो आपल्या उजवीकडचं निम्मं खायचा आणि म्हणायचा, “अस्नू, हल्ली वाढणं कमी झालं गं तुझं.” डावीकडचा निम्मा इंजेरा तसाच असायचा. उपासात स्वतःला आणखी शिक्षा करून घेतोय, असं तिला वाटलं. दाढी केली तर उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर खुंट. डावा खांदा रोज दाराच्या चौकटीवर आपटायचा. ती त्याच्या डावीकडे उभी राहून बोलली तर तो ओ द्यायचा नाही, आणि उजवीकडे गेली की दचकायचा, “कधी आलीस?” उपासाच्या पहिल्या आठवड्यात, देवळात साष्टांग घालताना, तो डोकं धरून खाली बसला होता. उपाशीपोटी चक्कर येते माणसाला. तिनं मनावर घेतलं नव्हतं.

मन होतं कुठं तिचं? तिचं मन बारा वर्षांपूर्वीच्या एका सकाळी अडकलं होतं.

त्या सकाळी एक म्हातारा दारात आला होता. काखेत घडी केलेलं कापड, एक पुढचा दात नाही, डाव्या भुवईवर भाजल्याची जुनी खूण. “अद्मासू आहे का?” म्हणाला. “त्याला सांग गेबेयेहू आलाय. राग नाही म्हणावं. फक्त या कापडावर मला एकदा समोरून काढ म्हणावं. पोरीकडे ठेवायचंय.”

अद्मासू मागच्या खोलीत झोपला होता. त्याच महिन्यात कुठं त्याची ती पडून राहण्याची दुखणी संपली होती. गेबेयेहूच्या आठवणीनं महिनेन् महिने भिंतीकडे तोंड करून पडायचा. हा माणूस आत गेला की पुन्हा तेच होईल, असं अस्नाकेचला वाटलं. ती म्हणाली, “अदिसला गेलाय तो. कधी येईल ठाऊक नाही.”

म्हातारा पायरीच्या डाव्या टोकाला बसला. दुपारपर्यंत बसला. तिनं त्याला पाण्याचा पेलासुद्धा दिला नाही, पाणी दिलं तर तो आणखी बसेल म्हणून. मग कापड पायरीवर ठेवून तो गेला. तिनं ते पेटीच्या तळाशी टाकलं. दोन पावसाळ्यांनी तो वारल्याचं कळलं. आजवर हे तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं, अब्बांनाही नाही.

उपासाच्या एकोणपन्नासाव्या दिवशी अद्मासू म्हणाला, “अस्नू, उद्यापासून तू बस.”

“मी? सत्तावीस वर्षांत मी नाही बसले.”

“म्हणूनच.”

“मला स्वयंपाक आहे.”

“उपासात कसला स्वयंपाक? शिरोच की.” तो हसला. उजव्या गालानंच हसला. “कापड संपलंय. पेटीत काही आहे का बघतो.”

ती उठेपर्यंत त्यानं पेटी उपसली होती. तळातून ते कापड काढून तो बोटांनी चाचपत होता. “किती छान विणलंय. कुणाचं गं?”

“माझ्या आईचं,” ती म्हणाली.

त्यानं काठावरून एकदा बोट फिरवलं आणि कापड चौकटीवर ताणायला घेतलं.

तीन दुपारी ती बसली. दारासमोर, उजेडात, हात मांडीवर. तो चौकटीपलीकडून बघायचा आणि कुंचला चालायचा. ती मनात एकच मागणं मागायची: दोन दे, मरियममाते, दोन दे. दुसऱ्या दुपारी तो मध्येच थांबून म्हणाला, “तिकडे कोण बसलंय?”

“कुठं?”

“डावीकडे. पायरीवर.”

अस्नाकेचनं वळून बघितलं. पायरीवर ऊन होतं. “कोणी नाही.”

“दिसत मलाही नाही. पण आहे कुणीतरी. महिनाभर आहे. मी त्या बाजूला वळलो की ती बाजूच सरकते.” हे त्यानं तू मीठ कमी घातलंस म्हणावं तितक्या साधेपणानं सांगितलं, आणि पुन्हा रंगवायला लागला.

तिसऱ्या दुपारी त्यानं कुंचला पुसला. “ये, बघ.”

ती उठली. तिनं चौकटीसमोर येऊन बघितलं.

एक डोळा. तिचा स्वतःचा, इतका तिचा की तिला त्याची लाज वाटली. नाकाची कड. आणि पुढं कोरं कापड.

ती जमिनीवर बसलीच. “तुला ठाऊक आहे,” म्हणाली. “तुला पहिल्यापासून ठाऊक होतं.” आणि मग सगळं बाहेर आलं. म्हातारा, पायरी, अदिसचं खोटं, न दिलेलं पाणी, पेटी, आईचं म्हणून सांगितलेलं कापड. अद्मासू ऐकत उभा राहिला. मग तो म्हणाला, “कापड त्याचं आहे हे हाताला पहिल्याच दिवशी कळलं होतं. काठाला दोन धागे जास्त घालायचा तो. तुझ्या आईचं म्हणालीस, तर मला वाटलं, मला आठवण होऊ नये म्हणून कुठूनतरी घेऊन लपवलंस. तो आला होता हे नव्हतं ठाऊक.”

“मग हा एक डोळा कशाला काढलास?”

“कुठला एक डोळा?”

“हा! माझा! येशीमबेतचा, गाशे दामतेंचा, सगळ्यांचा!”

“अस्नू, वेड लागलं का तुला? मी दोनच काढतो. हा बघ.” त्यानं चित्रावर बोट ठेवलं. “हा एक. आणि हा...” बोट डावीकडे सरकलं, नाकाच्या कडेपर्यंत आलं, आणि तिथून हवेत तसंच राहिलं. पुन्हा मागं आलं. “हा एक. आणि...” त्याच्या कपाळावर घाम आला. “आहे. आत्ताच काढला मी.”

तेव्हा अस्नाकेचनं त्याच्याकडे नीट बघितलं. डाव्या गालावरचे खुंट. डावीकडून घसरलेली शाल, ती आपल्या अंगावर नाही याचा त्याला पत्ता नव्हता. खाली ठेवलेलं ताट, निम्मं भरलेलं. तिला एकाएकी असं वाटलं की घराची डावी भिंतच कुणी काढून नेली आहे आणि आपण इतके दिवस तिच्याशी टेकून बसलो होतो.

ती उठली. काय सुचलं कोण जाणे, तिनं चौकट दोन्ही हातांनी धरली आणि उलटी करून ठेवली, खालचं वर. तिचा रंगवलेला अर्धा चेहरा डोक्यावर उभा राहून त्याच्या डावीकडे गेला. कोरं कापड उजवीकडे आलं.

अद्मासू एक पाऊल मागं सरला. “हे कुणी पुसलं?” त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. “अस्नू, तू कुठं गेलीस?”

“मी इथंच आहे. तुला ही बाजू दिसत नाही, अद्मासू. कुणाचीच दिसत नाही.”

तो कितीतरी वेळ त्या कोऱ्या कापडाकडे बघत राहिला. तिला वाटलं, आता कोसळेल, पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेल. त्यानं कुंचला उचलला.

“बसू का मी?” तिनं विचारलं.

“नको. हलू नका,” तो म्हणाला. तो तिला ‘अहो’ कधी म्हणत नसे. आणि तो तिच्याकडे बघतही नव्हता.

ऊन पायरीवरून उतरेपर्यंत तो रंगवत होता. अस्नाकेच मागं उभी राहून बघत होती. आधी भुवई आली, मग डोळा, मग धारदार नाक, कोरल्यासारखं, पण समोरून. म्हातारा गाल. अर्धवट उघडलेल्या ओठांत एक दात नाही. आणि शेवटी अद्मासूनं कुंचल्याचं टोक ओलं करून डाव्या भुवईवर एक डाग ठेवला, भाजल्याच्या जुन्या खुणेचा.

त्यानं गेबेयेहूला पाहिलं होतं ते काळ्या दाढीच्या तरण्या वयात. तेव्हा ती खूण नव्हती. दात सगळे होते. म्हाताऱ्या गेबेयेहूला या घरात तिनं एकटीनंच बघितलं होतं, आणि तो आला होता एवढंच तिनं सांगितलं होतं. तो दिसत कसा होता, हे नव्हतं सांगितलं.

तिनं क्रूसाची खूण केली, एकदा, दोनदा, तीनदा. कापडावर आता दोन डोळे होते. एक तिचा, एक त्याचा. कसंही टांगा, एक जण सरळ बघतो आणि दुसरा डोक्यावर उभा.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याचा डावा हात धरून त्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला घड्याळ काढायला सांगितलं. त्यानं बाराही आकडे उजव्या बाजूला दाटीनं बसवले आणि समाधानानं कागद परत दिला. “बाबांचे डोळे चांगले आहेत,” बाई म्हणाल्या. “डोक्यातली एक शीर तुंबून गेली आहे. डावीकडे जग आहे हेच मेंदू विसरलाय. थोडं परत येईल, थोडं नाही. जेवताना ताट फिरवत जा.” गोळ्या लिहून दिल्या.

दोघं घरी परतली तेव्हा येशीमबेत निकाल ऐकायला दारातच उभी होती.

“म्हणजे शीर होती? पाप नव्हे?”

“शीर.”

“मग माझ्या केळ्याचं काय?”

“केळ्याबद्दल डॉक्टरीणबाई काही बोलल्या नाहीत.”

येशीमबेतनं जरा विचार केला. “या वर्षी घातलं नाहीच मी,” म्हणाली. “पुढच्या वर्षीही... बघू.” आणि आपला एका डोळ्याचा चेहरा ती शालीत गुंडाळून पुन्हा घरी घेऊन गेली. टाकून दिला नाही. गाशे दामतेंनीही दिला नाही.

अस्नाकेचनं अब्बा तेकल्यांपुढं सगळं सांगितलं. अब्बांनी साष्टांग सांगितले, ते तिनं घातले. मग ते म्हणाले, “देवाचं झालं. आता माणसाचं. त्याची मुलगी अत्सेदे मेतेम्माच्या बाजारात चहा विकते. ते कापड बापानं तिच्यासाठी विणलं होतं.”

सणाचं जेवण झालं, पंचावन्न दिवसांनंतरचं. कोंबडीचा रस्सा लाल झाला होता, लोणी येशीमबेतचंच. अद्मासूनं उजवीकडचं संपवलं तशी अस्नाकेचनं ताट फिरवायला हात घातला. त्यानं तिचं मनगट धरलं.

“राहू दे ती बाजू.”

“तुझंच आहे ते, अद्मासू. तुला दिसत नाही एवढंच.”

“माहीत आहे. तरी राहू दे. पाणीही ठेव.”

तिनं पेला भरला आणि ताटाच्या डावीकडे ठेवला. मग उठून पेटीतून जाड चादर काढली, चित्र तिच्यात गुंडाळलं, आणि दोरी दोनदा आवळून गाठ मारली. मेतेम्माची गाडी उजाडता उजाडता सुटते. उद्या तिला ते अत्सेदेला नेऊन द्यायचं आहे.